परतीचं तेल

आमच्या अंगणात शहाबादी फरशी आहे. गेल्या श्रावणापासून त्या फरशीवर रोज सकाळी एक काळा ठिपका उगवू लागला. तुळशीपुढे सौभाग्यवतींची रांगोळी, आणि तिथून चार हातांवर, गाडीच्या पोटाखाली, गाडीची. फरक एवढाच की सौ.ची रांगोळी ठिपक्यांवरून रेषांकडे जायची आणि गाडीची साधना ठिपक्यापाशीच अडलेली. सुरुवातीला तो मुगाएवढा होता. गौरी बसल्या तेव्हा रुपयाएवढा झाला. नवरात्रात तर त्याला बेलाच्या पानासारखी तीन दळं फुटली. सौ. चिडेल असं वाटलं होतं. तिनं मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून गाडीखाली सरकवला आणि विषय मिटवला. मला मात्र त्या दिवसापासून रोजचं वाचन मिळालं. मराठीचा प्राध्यापक म्हणून एकतीस वर्षं काळ्या ठिपक्यांतून अर्थ काढण्यातच गेली, आता निवृत्तीनंतर एक नवं हस्तलिखित दारात आलं होतं. पुठ्ठा भरला की तो भिंतीला टेकवायचा आणि दुसरा घालायचा. तसं आमच्या अंबाजोगाईला लांबरुंद लिहिण्याचं वावडं कधीच नव्हतं. दासोपंतांनी चाळीसेक फूट लांब आणि चारेक फूट रुंद पासोडीवर पंचीकरण लिहून ठेवलं, म्हणजे पाचही महाभूतांचा हिशेब एका पांघरुणावर. आमच्या गाडीच्या पासोडीत महाभूत एकच होतं, आणि ते इंजिन ऑइल होतं.

गाडीविषयी सांगायला हवं, कारण ती माझी नाही. ती माझ्या धाकट्या भावाची. स्कोडा ऑक्टाव्हिया, २००५ची, मागे दोन अक्षरं: आर आणि एस. म्हणजे नुसती ऑक्टाव्हिया नव्हे, तिची पळणारी बहीण. १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन, त्याला टर्बो, १५० अश्वशक्ती. धाकट्यानं ती पुण्यात कुणाकडून तरी जुनी घेतली आणि तिच्यावर चार वर्षं असा जीव लावला की घरात त्याच्या लग्नाचा विषय काढायचीही पंचाईत झाली. मग त्याला कॅनडात नोकरी लागली. २०१३च्या मे महिन्यात तो गाडी घेऊन अंबाजोगाईला आला, किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "दादा, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे." गावाकडे ठेवलेल्या वस्तूंना दोन वर्षांचा हिशेब कधी कळलाय? आमच्या माळ्यावर आत्याची एक ट्रंक आहे, तीही आठ दिवसांसाठीच ठेवलेली.

एक समाधान होतं. गाडी दिसायला परदेशी असली तरी मराठवाड्याला परकी नव्हती. स्कोडानं २००१ साली आपल्या शेंद्र्याच्या एमआयडीसीत ऑक्टाव्हिया जोडायला सुरुवात केली. त्यामुळे ती माझ्याकडे आली तेव्हा मला परक्याची सून सांभाळायला आल्यासारखं वाटलं नाही, माहेरवाशीण आल्यासारखं वाटलं. गावानंही तिला लगेच सामावून घेतलं. आर.एस. या अक्षरांचा अर्थ 'रॅली स्पोर्ट' असा काहीतरी आहे असं धाकटा सांगायचा. आमच्या गल्लीनं तो 'रावसाहेब' असा लावला. "सर, रावसाहेब आज बाहेर निघाले न्हाईत?" असं लोक विचारू लागले. आणि रावसाहेब निघून जाणार कुठं? मंडी बाजारात भाजीला, किंवा फार तर पंचवीस किलोमीटरवर परळीला, रेल्वेनं येणाऱ्या पाहुण्याला आणायला. दीडशे घोडे जुंपून मेथीची जुडी आणणारा मराठी वाङ्मयाच्या इतिहासातला मी पहिलाच प्राध्यापक असेन. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे एस.टी., मध्ये रावसाहेब, आणि त्यांच्या पोटातला टर्बो बिचारा वाट पाहतोय, की हा म्हातारा कधीतरी पाय दाबेल.

टर्बो हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो ट्रकच्या तोंडावर. तेव्हा वाटलं होतं, पंजाबातलं एखादं आडनाव असेल. पुढे धाकट्यानं समजावून सांगितलं. इंजिन जो धूर फुंकून टाकतं त्याच्या झोतात एक चाक ठेवायचं; ते फिरतं; त्याच दांड्यावर पलीकडे दुसरं चाक, ते बाहेरची हवा दाबून इंजिनाला पाजतं. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त जोर. आल्फ्रेड ब्यूशी नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली याचं पेटंट घेतलं. माझ्या आईला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, यात त्यानं नवं काय केलं? तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालायचं हे ती कुठलंही पेटंट न घेता करत होती. पुढे १९७३ साली बीएमडब्ल्यूनं एका टर्बो गाडीच्या नाकावर हे नाव चक्क उलट्या अक्षरांत लिहिलं, म्हणजे पुढच्या गाडीवाल्याला आरशात ते सुलट दिसावं आणि त्यानं बाजू द्यावी. नेमकं त्याच वर्षी जगात तेलाचे भाव भडकले आणि पुढच्यानं बाजू देण्याआधी गाडीलाच बाजूला व्हावं लागलं. मला त्या उलट्या अक्षरांचं फार हसू येतं, आणि थोडं वाईटही वाटतं. आपण कोण आहोत ते दुसऱ्याच्या आरशात सुलट दिसावं म्हणून स्वतः उलटं जगणारी माणसं आमच्या साहित्याच्या वर्तुळात पुष्कळ पाहिली.

तर ठिपका. दिवाळीनंतर त्याच्या जोडीला वासही आला. तापलेल्या तव्यावर तेल सांडल्यासारखा, पण त्यात पुढे थालीपीठ नाही. मी गाडी लातूर रस्त्यावरच्या उस्तादांकडे नेली. उस्तादांचं वय माझ्याएवढंच. मिशी पांढरी, बोटं कायमची काळी. गाडी खड्ड्यावर उभी केली, ते खाली उतरले, बॅटरी मारली आणि पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत. उस्ताद गप्प राहिले की खर्च हजारांत जातो, हा अनुभव. मग खड्ड्यातून आवाज आला.

"सर, रिटर्न पाईप हाय."

"म्हणजे?"

"टर्बोतून चेंबरला, खालच्या तेलाच्या टाकीला, परत यायचा पाईप. तिथून गळायलंय. खाली या, दावतो."

साठी ओलांडल्यावर माणसानं गाडीच्या खाली जाऊ नये, असं कुठल्याही स्मृतीत लिहिलेलं नाही. मी धोतर नेसत नसल्यानं उतरलो. खाली तो वेगळाच गाव होता. वरून चकचकीत दिसणाऱ्या रावसाहेबांच्या पोटाशी वीस वर्षांची धूळ, तेल आणि बालाघाटाची माती यांचं शेणामातीसारखं सारवण झालेलं. उस्तादांनी बॅटरीचा झोत वर धरला. इंजिनाच्या मागच्या अंगाला टर्बो. त्याला वरून येणारी एक नळी, पेन्सिलीएवढी बारीक. आणि खालून निघणारा एक पाईप, अंगठ्यापेक्षा जाड.

मला गंमत वाटली. जे तेल जातं तेच परत येतं, मग जाण्याची वाट एवढी अरुंद आणि येण्याची एवढी ऐसपैस कशाला? उस्तादांना विचारलं. त्यांनी हात पुसला, आणि मला जे समजावलं ते कुठल्याही पुस्तकात इतकं सरळ सापडलं नसतं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो. तो लोखंडावर टेकलेलाच नसतो, तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. ते तेल इंजिनाचा पंप दाबानं वर पाठवतो, म्हणून बारीक नळी पुरते. पण दांड्याची सेवा करून तेल बाहेर पडतं तेव्हा त्याच्यात जोर उरलेला नसतो. घुसळून घुसळून त्याचं ताकासारखं झालेलं असतं, फेस आलेला, हवा मिसळलेली, तापलेलं. त्याला मागून ढकलणारं कुणी नाही.

"जायला पंप हाय, सर," उस्ताद म्हणाले. "यायला कोण बी न्हाई. त्ये आपलं आपण यायलंय, उतारानं. म्हणून रस्ता मोठा पाहिजे. कुठं वाकला न्हाई पाहिजे, कुठं चढ न्हाई पाहिजे. जरा अडलं की तुंबतं, आन् मग जिथून जागा मिळंल तिथून भाईर."

तुंबलेलं तेल टर्बोच्या दोन्ही टोकांतून हवेत नाही तर धुरात शिरतं आणि मग मागून निळा धूर निघतो. आमचं दुखणं तिथवर गेलं नव्हतं. आमचा पाईप तोंडापाशी पाझरत होता आणि आतून भरत चालला होता. दोष गाडीचा नाही, हे उस्तादांनी आधीच स्पष्ट केलं. वीस वर्षं त्या पाईपनं धगीशेजारी काढली होती. आणि शेवटची बारा वर्षं तो अशा माणसाच्या हाती होता, जो घाट चढून येऊन, गाडी तापलेली असताना, क्षणात किल्ली फिरवून बंद करायचा आणि पिशवी घेऊन घरात शिरायचा. अशा वेळी पंप थांबतो, तेल जागच्या जागी करपतं. धाकट्यानं जाताना बजावलं होतं, "दादा, बंद करण्याआधी दोन मिनिटं नुसती चालू ठेवत जा." मला वाटलं, ही पोरांची फॅशन. पेट्रोल काय फुकट आहे?

आता, 'यायला कोण बी न्हाई' हे वाक्य माझ्यासारख्याच्या हाती लागणं बरं नव्हे. दृष्टान्त शिकवत आयुष्य गेलेला माणूस प्रत्येक नळीत अध्यात्म बघतो. खड्ड्यातून वर आलो तर रस्त्यावरून ऊसतोडीला निघालेला ट्रक जात होता. वर भांडी, सरपण, गाठोडी, एक शेळी, आणि गाठोड्यांवर राणीसारखी बसलेली सहा-सात वर्षांची मुलगी. दसरा-दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातली लाखो माणसं अशी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. जायला मुकादमाची उचल असते, तिचा दाब मागून असतो. पाडव्याच्या सुमारास परत येतात ती मात्र ओढीनं. मराठीत पृथ्वीच्या आकर्षणाला आणि घराच्या आठवणीला एकच शब्द पुरतो, हे मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं. सुचलंच नव्हतं. ट्रक गेला. मुलीनं हात हलवला, मीही हलवला. उस्ताद म्हणाले, "सर, पाईप मागवू का?"

मागवणं हेही एक प्रकरण. पुण्याला फोन झाले, पुण्यानं मुंबईला विचारलं, नऊ दिवसांनी निरोप आला की माल ट्रॅव्हल्सनं निघालाय. पहाटे साडेपाचला मी चौकात उभा. थंडी पडलेली, चहाची गाडी नुकती पेटलेली. पुण्याची बस आली. लेकीसुना उतरल्या, परीक्षा देऊन आलेली पोरं उतरली, कोकणस्थ दिसणारं एक कुटुंब उतरलं आणि देऊळ कुठं म्हणून विचारू लागलं. योगेश्वरी त्यांची कुलदेवता. कुठल्या कुठे कोकण आणि कुठे ही बालाघाटावरची देवी, पण पिढ्यान्‌पिढ्या ते येतात. त्यांना वाट सांगितली. सर्वांत शेवटी क्लीनरनं केबिनमधून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वाकडी वस्तू काढून माझ्या हातात दिली. शंभर रुपये चहापाण्याचे. तो पाईप घेऊन चालताना मला उगाच वाटत राहिलं की आजच्या बसनं आपलं कुणीतरी येणार होतं, आणि त्याऐवजी हे आलं.

देवीचा विषय निघालाय तर सांगतो. तिचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं. वऱ्हाड निघालं, आणि मुहूर्त टळला. अख्खं वऱ्हाड जिथल्या तिथं दगडाचं झालं. गावाबाहेरच्या हत्तीखान्याच्या लेण्यांत ते दगडी हत्ती अजून उभे आहेत. देवी परत गेली नाही. इथंच राहिली, कुमारिका. लहानपणी आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा मी दर वेळी विचारायचो, मग ती घरी का नाही गेली? आजी म्हणायची, वाट अवघड असंल. आमच्या गावाला ही खोडच आहे. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये 'विवेकसिंधु' रचला, आणि त्यांची समाधी आमच्याकडे की विदर्भात अंभोऱ्याला, यावर विद्वान अजून भांडतात. समाधी घेऊनही माणसाला कायमचा एक पत्ता मिळू नये!

उस्तादांनी काम हातात घेतलं ते दुपारी दोनला, गाडी पुरती गार झाल्यावर. वरचे दोन बोल्ट असे बसवलेत की ते बसवणाऱ्याचा हात सापासारखा असणार. गोटीला एक्स्टेन्शन, त्याला युनिव्हर्सल, त्याला आणखी एक एक्स्टेन्शन. शेवटी ते हत्यार हातभर लांब झालं आणि उस्ताद डोळे मिटून, नुसत्या बोटांनी, वीणेची खुंटी पिळावी तसे ते फिरवू लागले. "जोर लावला तर तुटंल," ते म्हणाले. "आन् तुटला तर आजचा दिस न्हाई, आठवडा गेला." अर्धा तास रॉकेल पाजून, हळू ठोकून, पुढे-मागे करत पहिला बोल्ट सुटला. त्याचा 'कर्र' असा आवाज आला तेव्हा गॅरेजमधली दोन्ही पोरं हातातलं काम टाकून हसली. जुना पाईप बाहेर आला. उस्तादांनी तो उजेडाकडे धरून मला आत बघायला लावलं. आतून दुधाच्या पातेल्याची खरवड असते तशी काळी, टणक पुटं. मधोमध उरलेली वाट करंगळीएवढीही नव्हती. एवढ्यातूनही तेल खाली येत होतं. रोज, बिनतक्रार, चुकून एखादा थेंब अंगणात.

नव्या पाईपसोबत वरचं पत्र्याचं पॅकिंग आलं होतं. खालचं, चेंबरकडचं, आलंच नव्हतं. माझं तोंड पडलं. उस्तादांनी फळीवरून पॅकिंगच्या कागदाचा एक ताव काढला, तो चेंबरच्या तोंडावर ठेवला आणि गोल डोक्याच्या छोट्या हातोडीनं कडेकडेनं ठोकायला लागले. टिक टिक टिक. ना मोजमाप, ना पेन्सिल. लोखंडाच्या कडेवर कागद आपोआप कापत गेला, आधी मधलं मोठं भोक, मग बोल्टांची दोन, मग बाहेरची कड. करंज्या कातायला बसलेल्या आईचा हात मला आठवला. कापलेले तुकडे ती आम्हाला तळून द्यायची. उस्तादांनी मधली गोल टिकली उचलून माझ्या तळहातावर ठेवली, का ते त्यांनाही ठाऊक नसावं. ती अजून माझ्या पाकिटात आहे.

तेल बदललं, फिल्टर बदलला. "चला, मुकुंदराजापस्तोर मारू एक चक्कर," उस्ताद म्हणाले. बाजूला ते, मागे एक पोरगं. दरीकडे उतरताना काही कळलं नाही, परत चढावर मात्र उस्ताद म्हणाले, "सर, दाबा की आता. कवापासून वाट बघायलंय त्ये." मी दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग पाठीमागून कुणीतरी हलकेच हात ठेवून ढकलावं तसे रावसाहेब निघाले. बारा वर्षांत प्रथमच मला कळलं, की धाकट्यानं लग्न का लांबवलं असेल.

रात्री त्याचा फोन आला. तिकडे सकाळ, मागे बर्फ. मी पाईपची हकिकत सांगितली, तो प्रत्येक बोल्टाविषयी विचारत राहिला. आईच्या आजारपणातही त्यानं इतके बारीक प्रश्न विचारले नव्हते, किंवा विचारायचं धाडस केलं नव्हतं. "किती खर्च आला दादा? पाठवतो." म्हटलं, पाठवू नको. मग दोघंही गप्प. "चढ नाही ना ठेवला पाईपला कुठं?" त्यानं विचारलं. म्हटलं, नाही, सगळा उतार आहे. "मग बरंय," तो म्हणाला. येण्याचं त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही.

तेव्हापासून मी नियम पाळतो. भाजी घेऊन आलो की फाटकात गाडी उभी करायची आणि बंद न करता दोन मिनिटं आत बसून राहायचं. या दोन मिनिटांत करण्यासारखं काहीही नसतं. मेथीची जुडी मांडीवर, इंजिन मंद घुरघुरतंय, समोर तुळस. परवा शेजारचा मुलगा सायकल थांबवून काचेशी आला. "सर, उतरत कामून न्हाईत? बरं हाय ना?"

म्हटलं, "तेल उतरू द्यायलोय."

पाईप बसवून आज सतरा दिवस झाले. पुठ्ठा कोरडा आहे. सौ. तो उचलायला निघाली होती. मी म्हटलं, राहू दे.